ग्लीसन स्कोअर आणि टिश्यू मार्कर: हे सगळं आलं कुठून?

प्रोस्टेट बायोप्सीचा रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर आधी जाते ती ग्लीसन ३+४=७ वगैरे आकड्यावर (कॅन्सर किती जहाल ते सांगणारी ग्रेड), खाली पी६३ निगेटिव्ह, एएमएसीआर पॉझिटिव्ह असं काहीतरी असतं (टिश्यूत कोणती प्रोटीन दिसली ते सांगणारे मार्कर) ते कोणी फारसं वाचत नाही. आणि वाचलंच तर बऱ्याच जणांना वाटतं की ग्रेड या प्रोटीनवरूनच काढली. तसं नाहीये.

ग्रेड आली अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून. तिथल्या व्हेटरन्स हॉस्पिटलचे पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी माजी सैनिकांवरच्या एका मोठ्या उपचार-अभ्यासातल्या स्लाइड्स तपासून १९६६ मध्ये पाच पॅटर्न मांडले, १ म्हणजे गोल गोल ग्रंथी दाटीने बसलेल्या, ५ म्हणजे ग्रंथी बनवायचंच सोडून दिलेल्या पेशी. फक्त ग्रंथींची ठेवण बघायची, पेशीच्या केंद्रकाकडे बघायचंच नाही, आणि सगळ्यात वाईट पॅटर्न पकडायच्या ऐवजी सगळ्यात जास्त दिसणाऱ्या दोघांची बेरीज करायची. जुगाडच वाटतो, पण पेशंटच्या मृत्यूंशी ही बेरीजच चांगली जुळली.

प्रोटीनची वाट याहून जुनी. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की पुरुषी हार्मोन काढून घेतले की प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज (प्रोस्टेटमध्ये बनणारं एक प्रोटीन) खाली येतं. मग १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये प्रोस्टेटच्या टिश्यूमधून पीएसए हे प्रोटीन वेगळं केलं. गंमत अशी की रक्तात पीएसए वाढलेलं दिसतं, पण टिश्यू रंगवून बघितला तर ग्रेड वाढेल तसं एकेका पेशीतलं पीएसए बहुतेक वेळा कमीच होत जातं, म्हणजे ग्रेड सांगायला हा मार्कर तसा कामाचा नाही.

२००० च्या आसपास पी६३ आणि एएमएसीआर आले. साध्या ग्रंथीभोवती बेसल पेशींचा थर असतो, पी६३ लावलं की त्यांची केंद्रकं ब्राउन ठिपक्यांसारखी कडेने दिसतात, कॅन्सरच्या ग्रंथीभोवती ती नसतात, आणि एएमएसीआर आतून लाल चढतं. पण हे सगळं 'कॅन्सर आहे का' एवढ्यापुरतंच, 'किती जहाल' ते नाही. २००५ मध्ये मिशिगनच्या टीमला प्रोस्टेट कॅन्सरमध्ये टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी या दोन जीनची जोडणी सापडली तेव्हा खूप आशा होती, पण ईआरजी प्रोटीनचं ग्रेडशी काही धड जमलं नाही. केआय-६७ (पेशींची वाढ दाखवणारं प्रोटीन) वाढणं आणि पीटीईएन (कॅन्सरला आळा घालणारं प्रोटीन) गायब होणं, हे त्यातल्या त्यात ग्रेडच्या जवळ जातात.

२०१४ मध्ये ग्लीसनच्या बेरजांचे ग्रेड ग्रुप १ ते ५ ठरले, ३+४ दुसऱ्यात आणि ४+३ तिसऱ्यात गेलं, तरी मोजणी अजून बहुतेक डोळ्यांनीच. ग्रेडबरोबर वाढणारं एक प्रोटीन मात्र भलतीकडेच कामी आलं: पीएसएमए, प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर दिसणारं. त्यावर आधी पेट (पीईटी) स्कॅन निघाले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत किरणोत्सारी ल्युटेशियमचं औषधही मंजूर झालं.