गटनिर्णय आणि व्यक्तिमत्त्वशैली

समिती, संचालक मंडळ किंवा कामाचा चमू एकत्र बसून निर्णय घेतो, तेव्हा सदस्यांच्या स्वभावविशेषांचा त्या प्रक्रियेवर व निर्णयाच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम. सामाजिक व संघटनात्मक मानसशास्त्राचा हा सामाईक विषय होय.

या अभ्यासाचा आरंभ कोठून धरावा, हे निश्चित सांगणे कठीण आहे. कार्ल युंग यांचे अंतर्मुख-बहिर्मुख वर्गीकरण (१९२१) प्रसिद्ध असले, तरी त्यांचा रोख गटापेक्षा व्यक्तीच्या मनावर होता. कुर्ट लेव्हीन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांचा मुलांच्या गटांवरील नेतृत्वशैलीचा प्रयोग (१९३९) विषयाला अधिक जवळचा आहे. मात्र त्यात नेत्यांना शैली नेमून दिलेली असल्याने स्वभावाचा परिणाम वेगळा काढता येत नाही. त्यामुळे लहान गटांवरील तोवरच्या संशोधनाचा रिचर्ड मान यांनी १९५९ मध्ये घेतलेला आढावा हाच पायाभूत मानणे सयुक्तिक ठरेल. बुद्धिमत्ता, समायोजन (परिस्थितीशी जुळवून घेण्याची भावनिक क्षमता) व बहिर्मुखता यांचा नेतृत्वाशी संबंध त्यात आढळला, पण तो फारसा बळकट नव्हता.

खरा पेच मापनाचा आहे. स्वभाव व्यक्तीचा असतो आणि निर्णय गटाचा. मग सदस्यांच्या स्वभावचाचणीतील गुणांवरून गटाचा एक गुणांक कसा काढावा? सर्वांची सरासरी घेतली, तर एका हेकट सदस्याचा प्रभाव त्यात बुडून जातो. म्हणून सदस्यांमधील तफावत, तसेच सर्वांत कमी किंवा सर्वांत जास्त गुण असलेला सदस्य, हेही निकष वापरले जातात. सूझन बेल यांच्या २००७ मधील, अनेक अभ्यासांच्या निष्कर्षांच्या एकत्रित विश्लेषणात, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या चमूंमध्ये, सर्वांत कमी मिळतेजुळते घेणाऱ्या सदस्याची पातळी कामगिरीशी निगडित दिसली. एकच निकष सर्व गुणविशेषांना लावणे त्यामुळे योग्य वाटत नाही.

वर्चस्वशील स्वभावाविषयीचा पुरावा अधिक स्पष्ट आहे. कॅमेरॉन अँडरसन व गॅव्हिन किल्डफ यांच्या प्रयोगांत (२००९) असे सदस्य प्रत्यक्षात अधिक सक्षम नसतानाही इतरांना अधिक सक्षम वाटले, कारण ते वारंवार व आधी बोलत. हा दोष गंभीर आहे. मितभाषी सदस्याकडील माहिती पुढे न आल्यास गट सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच चर्चा करत राहतो. ही प्रवृत्ती गॅरॉल्ड स्टॅसर व विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवली होती. चर्चेपूर्वी प्रत्येकाचे मत लेखी घेणारे नामिक गट तंत्र आणि तज्ज्ञांची मते निनावीपणे अनेक फेऱ्यांत गोळा करणारे डेल्फी तंत्र हे त्यावरचे परिचित उपाय आहेत.