खुडूक बसणारी कोंबडी आणि न बसणारी: बाजारात दोघीही ‘गावरान’च

नाशिकच्या आसपास कुठल्याही आठवडे बाजारात जा, तांबडी, काळी, कबरी, ठिपक्यांची, जी रंगीत दिसेल ती कोंबडी गावरान म्हणूनच पुढे केली जाते. रश्शासाठी न्यायची असेल तर एक वेळ चालून जाईल. पण अंड्यांवर बसवून घरच्या घरी पिल्लं काढायची असतील, तर अस्सल गावरान कोणती आणि गिरिराज, वनराज, ग्रामप्रियासारखी सुधारित कोणती, हे कळलंच पाहिजे. पिसांवरून ते कळत नाही.

मी अशाच चार तलंगा, म्हणजे नुकत्याच अंड्यावर येणाऱ्या तरण्या कोंबड्या, गावरान म्हणून आणल्या होत्या. अंडी भरपूर दिली, पण उन्हाळा गेला, पावसाळा गेला, एकही खुडूक झाली नाही, म्हणजे अंडी उबवायला बसली नाही. अंडं घातलं की पाटीतून उठून थेट उकिरड्यावर. शेवटी पेठ तालुक्याकडच्या एका मावशींनी एकीला उचललं, तिचे जाड पाय चाचपले आणि म्हणाल्या, “दादा, ही मशीनमधली. ही नाही बसायची.” म्हणजे कोंबडीखाली नाही, उबवणी यंत्रात निघालेली.

कारण अंड्यांच्या हिशोबातच आहे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि थांबते. मग 21 दिवस उबवते, पुढे दोनेक महिने पिल्लं घेऊन हिंडते आणि मग पुन्हा अंड्यावर येते. असे फेरे करत वर्षाला तिची साधारण 60 ते 80 अंडी होतात. खुडूक झाली की तिच्या अंगात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, ते अंडी तयार होणं थांबवतं आणि तिला पाटीत बसवून ठेवतं. म्हणजे खुडूक बसणं आणि अंडी घालणं एका वेळी होत नाही. ज्यांना जास्त अंडी हवी होती, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या. व्हाइट लेगहॉर्न ही अंड्यांसाठीची पांढरी विदेशी जात हे त्याचं टोक, ती जवळपास बसतच नाही. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या वनराज, ग्रामप्रिया याच विचाराने केलेल्या. परसात वाढाव्यात, रंग गावरानसारखा असावा, पण अंडी नि वजन जास्त मिळावं. वनराज वर्षाला शंभराच्या पुढे अंडी देते, ग्रामप्रिया त्याहून जास्त. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. फक्त त्यांच्याकडून आईपणाची अपेक्षा करू नये. एखादी बसलीच, तरी दहा दिवसांत उठून जाण्याची भीती असते. शिवाय गिरिराजचं अंग जड, त्याखाली अंडी फुटतात.

मग ओळखायची कशी? गावरान अंगाने हलकी, दीड किलोच्या आतबाहेर, पाय बारीक, संध्याकाळी आंब्यावर चढून बसणारी. तिला किलोभर व्हायला पाच-सहा महिने लागतात, सुधारित पिल्लू दोन-अडीच महिन्यांतच तिथे पोचतं. एकाच वयाच्या, एकाच बांध्याच्या वीस कोंबड्या टेम्पोतून उतरत असतील तर त्या मशीनच्या समजा. माझा भरवसा मात्र एकाच प्रश्नावर आहे: हिची आई अंड्यांवर बसली होती का? हा गुण रक्तातून येतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर घराघरांत अजून कोंबडीखालीच पिल्लं निघतात. तिथे आई, पिल्लं सगळं समोर दिसतं. चार पैसे जास्त गेले तरी तिथूनच घ्यावी.

कडकनाथच्या बाबतीतही अनेकांची फसगत होते. ती मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची अस्सल देशी जात, तरी बसण्यात कच्ची. तिची अंडी गावरान कोंबडीखालीच ठेवावी लागतात. असील ही झुंजीची देशी जात मात्र छान बसते आणि पिल्लांसाठी घारीच्याही अंगावर जाते, पण तिची अंडी मोजकीच.

कोंबडी खरंच खुडूक झाली का, हे दिवेलागणीला बघा. पोटाखाली हात घाला. नुसती अंडं घालायला आलेली असेल तर ओरडत पळेल. खुडूक असेल तर अंग फुलवून चपटी होईल, कुर्र करून चोच मारेल, पण जागा सोडणार नाही. हाताला छातीखालची उघडी, गरम कातडी लागते. दोन रात्री खोट्या अंड्यांवर तशीच बसली, तर तिसऱ्या रात्री खरी अंडी ठेवा, सगळी एकाच वेळी आणि आठवड्यापेक्षा जुनी नकोत. अंडी कोंबड्यासोबत राहणाऱ्या कोंबड्यांचीच हवीत. दुकानातली ट्रेमधली अंडी कितीही उबवली तरी त्यातून पिल्लू निघत नाही.

माझ्याकडे आता दोन्ही आहेत. अंड्यांना गिरिराज, बसायला पेठची गावरान. गिरिराजची अंडी मोठी, म्हणून गावरानखाली ती दहाऐवजी आठच ठेवतो. एखादं अंडं पंखाबाहेर राहिलं तर निफाडकडच्या थंडीत ते रात्रीतून गार पडतं, आणि कोंबडी चोचीने अंडी सारखी फिरवत असते, त्यामुळे आळीपाळीने सगळ्याच अंड्यांना तो गारठा लागतो.