चावणारं पोर आणि साडेअकराची खिचडी

पलूस तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मागच्या हंगामात साडेतीन वर्षांचं एक पोर रोज कुणाला तरी चावायचं. आईबाप बीडकडून ऊसतोडीला आलेले, खोपट फडाशेजारी, घरची बोली लमाणी. वर्गातली मराठी त्याला अर्धीमुर्धीच कळायची. सेविकाताई वैतागल्या होत्या. "मारत नाही ओ आम्ही. नुसतं दारात उभं करतो. तरी दुसऱ्या दिवशी हाय तेच."

अशा पोराला 'दांडगट' म्हणून आपण मोकळे होतो. पण 'चिमणी उड, कावळा उड' खेळताना तीन वर्षांच्या मुलांकडे नीट बघा. 'म्हैस उड' म्हटलं की बहुतेकांचं बोट वर जातंच. म्हैस उडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर खिदळतात. सुटलेलं बोट आवरणं तेवढं जमत नाही. हे आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं. तीन ते सहा या वयात ही ताकद झपाट्याने वाढते, पण तो भाग पुरता तयार व्हायला विशी उलटते. धोक्याची वर्दी देणारा मेंदूचाच दुसरा भाग, अमिग्डला, मात्र फार आधीपासून कामावर हजर असतो. उसाने भरलेल्या जोड-ट्रॉलीसारखं हे प्रकरण आहे: ओढ प्रचंड, आणि थांबवायला फक्त पुढचा ट्रॅक्टर. लहान मुलाच्या बाबतीत तो ट्रॅक्टर म्हणजे जवळचं मोठं माणूस. तेच भडकलं असेल तर मग बघायलाच नको.

आम्ही वहीत तीन रकाने आखले. केव्हा चावला, त्याआधी काय चाललं होतं, आणि चावल्यावर त्याला काय मिळालं. आठवड्यात सहा नोंदी झाल्या. त्यातल्या पाच साडेअकराच्या आसपासच्या: खिचडीचं पातेलं उतरलेलं, सगळी पोरं हात धुवायला एकाच नळावर, पुढच्याचा धक्का मागच्याला. तिसरा रकाना वाचून तर ताईंनी डोक्यालाच हात लावला. चावलं की त्याला दारात नेत, म्हणजे रेटारेटीतून सुटका, आणि मदतनीस मावशी दया येऊन त्याचं ताट तिथेच आणून देत. आपण शिक्षा समजत होतो, ते त्याचं बक्षीस होतं.

मग नळावर चार-चार मुलं सोडली, बाकीची गाण्यात. त्याला ताटं वाटायचं काम दिलं आणि 'माझा नंबर!' हे दोन शब्द शिकवले. चावणं लगेच थांबलं असं लिहायला आवडलं असतं. पुढच्या महिन्यात दोनदा चावला, त्यात एकदा मावशींनाच.

वागणुकीचं धोरण म्हटलं की जाडजूड फाईल डोळ्यांपुढे येते. इथे ते कपाटाच्या दारावर चिकटवलेलं एक पान आहे. ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जायचं. चावणाऱ्याजवळ खाली बसून, त्याच्या नजरेला नजर देऊन, चार शब्दांत बोलायचं. उभं करणं, कोंडणं, खाऊ बंद करणं, टोपणनाव ठेवणं बंद. पानावरचा एकही नियम मुलांसाठी नाही, सगळे मोठ्यांसाठी आहेत. चापटीचा प्रश्न तसाही संपलेलाच आहे: गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या संशोधकांनी 2016 साली 75 अभ्यास, सुमारे 1,60,000 मुलं एकत्र तपासली, तेव्हा चापटीचं नातं जास्त आक्रमकपणाशी दिसलं, शहाणपणाशी नाही.

एका वाक्यावर मात्र वाद झाला: 'उद्यापासून पाठवू नका, जरा मोठं होऊ दे, असं कुणी म्हणायचं नाही.' ताईंचं म्हणणं, आम्ही काढून थोडंच टाकतो? अमेरिकेत वॉल्टर गिलियम या संशोधकांनी 2005 साली मोजलं, तर बालवाडीतून काढून टाकलेल्या मुलांचं प्रमाण शाळेतल्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. ज्या शिक्षिकांना वागणुकीबद्दल सल्ला देणारं माणूस हाताशी होतं, त्यांच्याकडे ते कमी होतं. आपल्याकडे नाव पटावरून जात नाही, पोर फडात जाऊन बसतं, एवढाच फरक. वाक्य राहिलं.

शेवटचा नियम आयांनी घालायला लावला: कुणाला चावलं ते घरी सांगायचं, कोण चावलं ते नाही. हा काही फारसा चालत नाही. पोरं गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत नाव सांगून मोकळी होतात.