सोय आणि सूट : परीक्षेतील ‘सवलत’ या एका शब्दातले दोन निर्णय

शाळा मंडळाच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाचा आणि समावेशक धोरणाचा विषय निघाला की विषयपत्रिकेवर बहुधा एक ओळ असते : ‘विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देणे’. ठराव मांडला जातो, त्याला अनुमोदन मिळते आणि अशा ठरावाला विरोध कोण करणार, म्हणून तो चर्चेविना मंजूरही होतो. मात्र त्या एका ओळीत दोन अगदी वेगळे निर्णय एकत्र बांधलेले असतात. अल्पदृष्टी असलेल्या मुलीला मोठ्या अक्षरांत छापलेली प्रश्नपत्रिका देणे ही सवलत, आणि एखाद्या मुलाला गणिताच्या दहा प्रकरणांपैकी सहाच प्रकरणांवर प्रश्न विचारणे हीही सवलतच. पहिल्या निर्णयामुळे त्या मुलीच्या गुणांचा अर्थ तसूभरही बदलत नाही, तर दुसऱ्या निर्णयाने त्या मुलाच्या गुणांचा अर्थ मुळापासून बदलतो. या लेखापुरते पहिल्या प्रकाराला ‘सोय’ आणि दुसऱ्याला ‘सूट’ म्हणू.

परीक्षेला जे मोजायचे आहे ते कायम ठेवून, विद्यार्थ्याच्या वाटेतला अडथळा तेवढा दूर करणे म्हणजे सोय. ब्रेल प्रश्नपत्रिका, वाचक, लेखनिक, वाढीव वेळ, स्वतंत्र शांत खोली, मधली विश्रांती, संगणकावर उत्तरे टंकण्याची परवानगी या सगळ्या सोयी आहेत. सूट देताना मात्र जे मोजायचे तेच कमी केले जाते किंवा बदलले जाते : अभ्यासक्रमाचा काही भाग वगळणे, खालच्या इयत्तेच्या पातळीचे प्रश्न देणे, चार पर्यायांऐवजी दोनच ठेवणे, एखाद्या विषयातून पूर्ण मोकळीक देणे, उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे गुण कमी करणे.

सोयीकडे कृपा म्हणून पाहण्याची सवय अजून पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि ‘सवलत’ या शब्दालाच मेहेरबानीचा वास असल्यामुळे ती सवय सहजी सुटत नाही. वस्तुतः संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराने हा प्रश्न हक्काच्या चौकटीत आणून ठेवला. व्यवस्थेवर अवाजवी बोजा न टाकता करता येण्याजोगे आवश्यक बदल नाकारणे हा भेदभाव आहे, असे या कराराचे दुसरे कलम सांगते, आणि चोविसावे कलम तेच तत्त्व शिक्षणाला लागू करते. या कलमातला ‘बदल’ हा शब्द वाचून काही जण त्यात सूटही गृहीत धरतात. परंतु इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावा हा त्या बदलाचा हेतू आहे. अपेक्षा खाली आणणे आपोआपच त्यात बसते, असे मानता येत नाही.

एखादी तरतूद सोय आहे की सूट, हे तिच्या नावावरून कधीच ठरवू नये. ‘हा प्रश्न नेमके काय मोजतो?’ हे आधी विचारावे लागते. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण आणणारी अध्ययन अक्षमता) असलेल्या एका विद्यार्थ्याची विज्ञानाची उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर आणा. अंधारात ठेवलेल्या रोपाची पाने पिवळी का पडतात, या प्रश्नाला त्याने ‘परकाश’ न मिळाल्यामुळे ‘हारीतदरव’ तयार होत नाही, असे उत्तर लिहिले आहे. कारण अचूक आहे आणि क्रमही बरोबर आहे; फक्त अक्षरे चुकली आहेत. येथे शुद्धलेखनाचे गुण न कापणे ही निखळ सोय आहे, कारण तो प्रश्न वनस्पतीविषयीची समज मोजतो, ऱ्हस्व-दीर्घ मोजत नाही. तेच दोन शब्द भाषेच्या शुद्धलेखनाच्या प्रश्नात आले आणि तेथेही चुका दुर्लक्षित केल्या, तर मोजायची गोष्टच हातातून गेली. ती सूट झाली. मूल तेच, चूक तीच, तपासणाऱ्याने दिलेले गुणही तेच असतील, आणि तरीही एका ठिकाणी सोय तर दुसऱ्या ठिकाणी सूट.

वाचकाचेही तसेच आहे. इतिहासाचा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणे ही सोय आहे. पण मुलाला स्वतः मजकूर वाचता येतो का हे पाहणाऱ्या चाचणीत तोच उतारा वाचून दाखवला, तर परीक्षा वाचनाची न राहता श्रवणाची होते. गणकयंत्र भूमितीच्या सिद्धतेत निरुपद्रवी असते आणि गुणाकाराच्या चाचणीत सगळे उत्तरच देऊन टाकते. लेखनिक घेतलेल्या विद्यार्थ्याची भाषेची परीक्षा असेल, तर विरामचिन्हे आणि अवघड शब्दांतील अक्षरे त्याने स्वतः सांगायची की लेखनिकाने आपल्या समजुतीने लिहायची, हे आधीच ठरलेले असावे लागते. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण तो ठरला नसेल तर सोयीची सूट होते आणि ते कोणाच्या ध्यानीही येत नाही.

वाढीव वेळेचा मुद्दा बैठकीत सर्वांत जास्त तापतो. इतर पालक विचारतात, वेळ वाढवून दिल्यास कोणाचेही गुण वाढणार नाहीत का? हा प्रश्न रास्त आहे आणि संशोधकांनीही तो गांभीर्याने घेतला आहे. स्टीफन सिरेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात असे दिसले की वाढीव वेळेचा फायदा इतर विद्यार्थ्यांनाही काही प्रमाणात होतो, पण अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना तो अधिक होतो. यावरून वाढीव वेळ अन्यायकारक आहे असा निष्कर्ष निघत नाही. उलट, विषयाचे ज्ञान मोजणाऱ्या परीक्षेत वेळ मुळात सगळ्यांसाठीच अपुरा ठेवला होता का, अशी शंका येते. वेग हाच मोजायचा गुण असेल, उदाहरणार्थ ओघवत्या वाचनाच्या चाचणीत, तर वाढीव वेळ ही सूट ठरते. एरवी घड्याळ हा त्या परीक्षेतला एक अडथळा आहे, आणि प्रश्नपत्रिका काढतानाच तो कमी केला तर स्वतंत्र अर्ज करण्याची गरज कितीतरी मुलांना उरणार नाही.

सूट देणे वाईट, असे यातून कोणी समजू नये. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला इयत्तेच्या पातळीची प्रश्नपत्रिका देऊन दरवर्षी शून्य गुण देणे यात ना शिक्षण आहे ना समावेशन. त्याने या वर्षी काय आत्मसात केले हे दाखवणारे वेगळे मापच तेथे हवे. मात्र ते माप वेगळे आहे हे उघडपणे लिहिले पाहिजे. सूट दिलेल्या परीक्षेतले शंभरपैकी ऐंशी गुण पाहून आईवडिलांना मूल इयत्तेच्या बरोबरीने चालले आहे असे वाटते, आणि पुढच्या टप्प्याच्या प्रवेशाच्या वेळी सत्य कळते तेव्हा हातातली वर्षे निघून गेलेली असतात. सोयीच्या बाबतीत याच्या अगदी विरुद्ध चूक होते. गुणपत्रकावर ‘लेखनिकासह’ अशी खूण करून पूर्ण कसोटीवर मिळवलेल्या गुणांवर संशयाची सावली पाडली जाते आणि त्या लाजेपोटी मुले हक्काची सोय नाकारू लागतात.

मला सर्वांत काळजी वाटते ती एका तिसऱ्या गोष्टीची : सूट देणे स्वस्त पडते आणि सोय करणे महाग. आकृती बोटांनी वाचता यावी म्हणून उठावाची प्रश्नपत्रिका तयार करायला माणूस, साहित्य आणि वेळ लागतो. आलेखावरचा प्रश्न दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी वगळायला पेनाचा एक फटकारा पुरतो. वरवर ही उदारता वाटते. प्रत्यक्षात तिला आलेख शिकवण्याचीच गरज उरत नाही, आणि पुढच्या वर्षी ती विज्ञान शाखेचा विचार करते तेव्हा तिचा पाया कच्चा आहे असे सांगितले जाते. अमेरिकेतील २०१५ च्या शालेय शिक्षण कायद्याने वेगळ्या मानकांवर आधारलेल्या पर्यायी परीक्षेसाठी (ही सूटच), एखाद्या राज्यात त्या विषयाची परीक्षा देणाऱ्या एकूण विद्यार्थ्यांच्या १ टक्का अशी कमाल मर्यादा घातली, तर सोयींना अशी टक्केवारीची मर्यादा घातली नाही.

म्हणूनच बैठकीतला ठराव दोन स्वतंत्र कलमांत मांडावा. सोयीचा निर्णय वर्गशिक्षक आणि विशेष शिक्षक यांनी विद्यार्थ्याशी बोलून लगेच घ्यावा, ती सोय वर्षभराच्या सरावातही मिळावी आणि गुणपत्रकावर तिचा उल्लेख नसावा. सूट द्यायची असेल तर कोणत्या विषयात, कोणता भाग वगळला, त्यामुळे पुढचे कोणते मार्ग अरुंद होऊ शकतात आणि त्याआधी कोणकोणत्या सोयी करून पाहिल्या, हे पालकांना लेखी कळवून त्यांची संमती घ्यावी, आणि त्याच कागदावर ती सूट पुन्हा तपासण्याची तारीखही लिहावी.