डब्यावरचा त्रिकोण आणि पोटातलं लेकरू

कृषी केंद्राच्या काउंटरवर दर खरिपात हेच कानावर येतं: ‘तणनाशकच तर हाये, निळा त्रिकोण हाये, घरच्या बायांले काय होते?’ दुकानदारही मान डोलावतो. ऐकून ऐकून कान किटले.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण ते किती विषारी हे सांगतो. सगळ्यात विषारी लाल, मग उतरत्या क्रमानं पिवळा, निळा, हिरवा. औषध एकदा तोंडावाटे किंवा कातडीवर दिलं तर निम्मे प्राणी मरायला किती लागतं, त्या आकड्यावरून म्हणजे एलडी-50 वरून रंग ठरतो. तोंडावाटे प्राण्याच्या वजनाच्या किलोमागे 501 ते 5000 मिलिग्रॅम लागत असेल तर निळा. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं दगावली ती याच जातीची विषबाधा. तेव्हापासून विषारी म्हणजे पऱ्हाटीत भोवळ येऊन पडणं, एवढंच डोक्यात बसलंय.

गर्भावरची चाचणी निराळी. उंदीर आणि सशांच्या गाभण माद्यांना गर्भ रुजल्यापासून रोज औषध पाजतात. तीन गटांना तीन मात्रा, चौथ्याला औषधच नाही. विण्याच्या तोंडावर पोट उघडून एकेक पिल्लू तपासतात: वजन, टाळू, बरगड्या, मणके, हृदय. पोटातच जिरून गेलेले गर्भसुद्धा मोजतात. इथं आई जगली एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही.

नायट्रोफेन घ्या. तणनाशकच, आणि उंदरावरच्या एलडी-50 प्रमाणे निळ्यात बसणारं. गाभण उंदरीला नवव्या दिवशी एकदाच 100 मिलिग्रॅम पाजलं तर ती जगते, गाभही टिकतो. पण बऱ्याच पिल्लांच्या छाती-पोटामधल्या पडद्याला डावीकडे भोक राहतं. यकृत आणि आतडी छातीत चढतात, फुप्फुसाची वाढ खुंटते, जन्मल्यावर श्वास पुरत नाही. हेच अकराव्या दिवशी पाजलं तर भोक बहुधा उजवीकडे. मुलांमधल्या अशाच जन्मजात दोषाच्या अभ्यासासाठी संशोधक आजही उंदरांना नायट्रोफेन देतात. शेतीसाठी मात्र भारतात त्यावर बंदी आहे.

आता पॅराक्वाट, हेही तणनाशकच. उंदरावरचे आकडे पिवळ्यातले, उतारा नाही, घोटभर पोटात गेलं तरी माणूस जातो. तरी उंदरांवरच्या चाचण्यांत त्यानं पिल्लांत व्यंग आणल्याचं दिसलं नाही. गर्भाला जो त्रास दिसला तो आईच खंगेल एवढ्या मात्रेला. आई उपाशी, आजारी पडली की पिल्लू हलकं भरतंच, म्हणून आईचं वजनही सोबत टिपतात. यावरून ‘पॅराक्वाट बायांना चालतं’ असं कोणी म्हणणार असेल तर त्याला माझा दुरूनच रामराम.

उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू पडत नाही, खरं आहे. म्हणून तर दोन जातींवर तपासतात आणि निर्धोक दिसलेली मात्रा बहुधा शंभरानं भागून माणसासाठीची मर्यादा ठरवतात.

माझ्यापुरतं सांगतो: त्रिकोण कोणताही असो, दोन जिवांची बाई पंपात पाणी ओतायला धुऱ्यावर नको, आणि फवारणीचे कपडे फवारणाऱ्यानंच धुवावेत. कातडीतूनही औषध आत जातं.

राहिला पंपाला किती मिली हा डोस. तो तण जळायला किती लागतं यावर ठरतो. किलोमागच्या मिलिग्रॅमशी त्याची गाठ घालू नका.