दुसऱ्या माराची जबाबदारी

बॉक्सर रिंगणात उतरतो तेव्हा ठोसे बसणार हे त्याला ठाऊक असतं. सायकलस्वारालाही आपण कधीतरी पडू हे माहीत असतं. म्हणून दुखापत झाली की लोक पटकन म्हणतात, ‘धोका पत्करूनच आला होता ना!’ कायद्यातही हे तत्त्व फार जुनं आहे: समजून-उमजून धोका पत्करणाऱ्याला त्याबद्दल भरपाई मागता येत नाही. पण त्यानं नेमका कोणता धोका पत्करलेला असतो?

21 सप्टेंबर 1991 रोजी लंडनमध्ये मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची लढत झाली. बाराव्या फेरीत पंचांनी ती थांबवली आणि थोड्याच वेळात वॉटसन कोसळला. कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. कवटी हाडाची, तिला ताणता येत नाही. साचणारं रक्त मेंदूलाच दाबू लागतं, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि पेशींना प्राणवायू कमी पडतो. हा दुसरा मार. पुष्कळदा तो मूळ ठोशाहून घातक ठरतो आणि मिनिटामिनिटाला वाढत जातो. म्हणूनच जागच्या जागी श्वासाला आधार देऊन प्राणवायू पुरवणं निर्णायक असतं. रिंगपाशी तशी सोय नव्हती. रुग्णालय गाठेपर्यंत जवळपास अर्धा तास गेला. वॉटसन वाचला, पण कायमचं अपंगत्व घेऊन.

त्यानं ब्रिटिश बॉक्सिंग मंडळावर दावा लावला. डिसेंबर 2000 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानंही त्याच्याच बाजूनं निकाल दिला. ठोसा त्यानं पत्करला होता. उपचाराविना गेलेला तो वेळ नव्हे. खेळाडूंच्या सुरक्षिततेबद्दलचा याहून न्याय्य निकाल मला माहीत नाही.

कन्कशनमध्येही, म्हणजे धक्क्यानं मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं तेव्हाही, असाच दुसरा मार दबा धरून बसलेला असतो: मेंदू सावरण्याआधीच बसणारा पुढचा धक्का. डोकं झटक्यानं फिरलं की मेंदूतले नाजूक तंतू ताणले जातात. बाहेर जखम दिसत नाही, साध्या स्कॅनमध्येही बहुतेक वेळा काही सापडत नाही, आणि खेळाडू म्हणतो, ‘मी ठीक आहे.’ निर्णय घेणारा अवयवच दुखावलेला असताना निर्णय त्याच्यावर कसा सोडायचा? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं 2009 मध्ये कायदाच केला: संशय आला तरी 18 वर्षांखालच्या खेळाडूला बाहेर काढायचं आणि अधिकृत आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. पुढे अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

सायकलस्वाराला मात्र अपघातानंतर वेगळाच प्रश्न ऐकावा लागतो: हेल्मेट होतं का? हेल्मेटच्या आतला पांढरा थर म्हणजे थर्माकोलचाच भाऊबंद. आदळताना तो चुरडतो, डोकं थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात आणि कवटीवरचा भार घटतो. युरोपीय मानकानुसार सपाट पृष्ठभागावरची चाचणी सेकंदाला 5.42 मीटर वेगानं होते, म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडण्याइतक्या. डोकं जमिनीवर आदळण्यासाठी हे ठीक आहे, भरधाव मोटारीच्या धडकेसाठी नाही.

2009 मध्ये इंग्लंडच्या एका न्यायालयानं हाच फरक ओळखला. हेल्मेट न घालणं हा निष्काळजीपणा ठरू शकतो, पण घातलं असतं तर ही इजा टळली असती हे सिद्ध व्हायला हवं. त्या खटल्यात ते झालं नाही, म्हणून जखमी सायकलस्वाराची भरपाई कापली गेली नाही. नेदरलँड्स आणखी पुढे जातं: मोटारीची सायकलस्वाराला धडक बसली आणि अपघात टाळणं आपल्या हातात नव्हतं हे चालकाला सिद्ध करता आलं नाही, तर किमान निम्मी भरपाई चालकाच्या बाजूनं द्यावी लागते. 14 वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच पूर्ण. टनभर वजनाची वस्तू रस्त्यावर कुणी आणली, हे तिथला कायदा विसरत नाही.

एकदा चुरडलेला थर पुन्हा फुगत नाही. वरून धड दिसलं तरी ते हेल्मेट परत घालू नका. पण फेकूनही देऊ नका. कोणत्या बाजूनं आणि किती खोल दबलंय यावरून डोकं कसं आणि किती जोरात आदळलं हे तज्ज्ञ सांगू शकतात. उद्या न्यायालयात प्रश्न निघालाच, तर अपघाताची ती खूण तुमच्याकडे असलेली बरी.