बीफ-एल स्ट्यू आणि कार्बोनाद: बिअर दोन्हींत, काम वेगळं

फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. तपकिरी, चकचकीत रस्सा, बोटाने तुटतील इतके मऊ मांसाचे तुकडे, वर थाइमची एखादी काडी. दोन्हींत बीफ, दोन्हींत एल (बिअरचाच एक प्रकार), दोन्ही मंद आचेवर तासन्‌तास. त्यामुळे ब्रिटनमधला बीफ-एल स्ट्यू आणि बेल्जियमच्या फ्लँडर्समधली कार्बोनाद (तिकडच्या बोलीत स्टोफव्लेस) सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. मग कुणी एकाची बिअर घेतं, दुसऱ्याचं प्रमाण धरतं, स्लो कुकरचं (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्याचं) झाकण लावून कामाला निघून जातं, आणि संध्याकाळी ताटात पडतं कडवट पाणी.

घोळ होतो तो बिअर तिथे नेमकी कशासाठी आहे हे न पाहिल्यामुळे.

ब्रिटिश स्ट्यूमध्ये बिअर एकटी नसते. गाजर, कांदा, सेलरी, बटाटा, स्वीड नावाचा सलगमासारखा पिवळसर कंद, कधी मूठभर पर्ल बार्ली, असा सगळा भाजीबाजार त्यात असतो. मांस मैद्यात घोळवून परततात आणि तोच मैदा पुढे रस्सा दाट करतो. रश्श्याला अंग येतं ते बीफ स्टॉकमुळे. एल साधारण त्याच्या बरोबरीने, सोबत चमचाभर टोमॅटो प्युरे आणि वूस्टर सॉसचा शिडकावा. म्हणजे माल्टचा खमंगपणा पाठीमागे राहावा, एवढीच बिअरकडून अपेक्षा. शेवटी वर डंपलिंग सोडतात: सेल्फ-रेझिंग पिठात त्याच्या निम्मं सुएट (गुराच्या मूत्रपिंडाभोवतीची घट्ट चरबी, किसलेली) घालून वळलेले गोळे. ते वाफेवर फुगतात आणि खालून रस्सा पितात. (आयरिश स्ट्यू हा आणखी तिसराच प्रकार. तो मुळात मेंढीच्या मांसाचा, त्यात बिअर नाही. गिनेस ही काळी बिअर घातलेला बीफ स्ट्यू त्याच्या नावाने वाढला जातो, पण त्याचं नातं या ब्रिटिश भांड्याशी आहे.)

कार्बोनादमध्ये गाजर नाही, बटाटा नाही. मांस आणि कांदा, बस. कांदा मात्र भरपूर: किलोभर मांसाला अर्धा किलो, पातळ चिरून, घाई न करता तपकिरी होईपर्यंत परतलेला. आणि रस्सा म्हणजे बिअरच. तिच्या कडवटपणाला तोलायला थोडी ब्राऊन शुगर आणि शेवटी व्हिनेगरचा थेंब. या पदार्थाची खरी खूण वेगळीच आहे. ब्रेडच्या स्लाइसला मोहरीच्या पेस्टचा (मस्टर्डचा) जाड थर लावायचा आणि मोहरीची बाजू खाली करून ती भांड्यात ठेवायची. शिजता शिजता ब्रेड विरघळतो, रस्सा आळतो आणि मोहरीचा झणका सगळीकडे पसरतो. काही जण ब्रेडऐवजी पेपरकूक हा मसाल्यांचा गोडसर ब्रेड घालतात. त्यात दालचिनी-लवंग असल्यामुळे आपल्या नाकाला ते लगेच ओळखीचं वाटतं. म्हणून आलं-लसणाचं वाटण काढायचा मोह होतो, पण तो आवरावा. ब्रिटिश स्ट्यूत लसणाच्या दोन पाकळ्या खपून जातात. इथे वाटण घातलं की मागे उरतो आपला नेहमीचा रस्सा, आणि बाटलीचे पैसे फुकट.

बाटली कुठली, यावर निम्मी लढाई ठरते. फ्लँडर्सच्या तपकिरी आणि लाल एल्समध्ये हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा कमी आणि आंबट-गोडपणा जास्त असतो. रूसेलारेच्या रोडनबाख ब्रुअरीत ओकच्या प्रचंड पिंपांत बिअर मुरवतात आणि तिथले जिवाणू तिला आंबट करतात. औडनार्डेची लीफमान्सही याच घराण्यातली. त्या मिळाल्या नाहीत तर ॲबीची (मठांच्या परंपरेतली) डुबेल ही गडद एल चालते. ब्रिटिश स्ट्यूला साधी ब्राऊन एल किंवा पबमधली बिटर पुरते. नाव बिटर असलं तरी स्टॉक आणि गाजराच्या गोडीत तिचा कडूपणा जिरतो. आयपीए (भरपूर हॉप्सची इंडिया पेल एल) मात्र दोन्हीकडे वर्ज्य. हॉप्सचा सुगंध तापल्यावर उडून जातो, कडवट घटक उडत नाहीत. रस्सा जितका आटेल तितके ते जिभेला बोचतात. कार्बोनादमध्ये बिअर सोडून दुसरं द्रव जवळजवळ नसतंच, म्हणून तिथे बाटली चुकली की सावरायला जागा उरत नाही.

आता स्लो कुकर. आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली ज्या भांड्याचं पेटंट मिळालं, तेच १९७१ पासून क्रॉक-पॉट या नावाने अमेरिकेत घरोघरी पोचलं. लो आणि हाय ही दोन्ही बटणं बहुतेक भांड्यांत शेवटी जवळपास त्याच तापमानाला नेतात, उकळीच्या किंचित खाली. फक्त लोवर तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. पण झाकणाखालची वाफ परत भांड्यातच पडते आणि काहीच आटत नाही. उघड्या पातेल्यासाठी लिहिलेल्या कृतीत किलोभर मांसाला पाऊण लिटर द्रव असेल, तर इथे निम्म्यावर आणा. स्ट्यूसाठी २०० मिली एल आणि २०० मिली स्टॉक पुरे. कार्बोनादसाठी ३३० मिलीची एकच बाटली घ्या. मांस परतलेल्या तव्यात ती ओता, खाली लागलेलं सगळं खरवडा, पाच मिनिटं उकळू द्या आणि मग कुकरमध्ये घाला. परतणं टाळून चालणार नाही. शंभर अंशाखालच्या ओल्या वाफेत मांस शिजतं, पण खरपूस होत नाही.

मांस दोन्हींना एकच: शिन (पायाची नळी), चक (खांद्याकडचा भाग) किंवा गाल. यातलं कोलॅजन तासन्‌तासांच्या उष्णतेने जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. ‘डाइस्ड बीफ’ म्हणून मिळणारं चरबीरहित पाकीट आठ तासांत चोथा होतं. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर गाय-बैलाचं मांस नाही, म्हशीचं चालतं. त्यात चरबी कमी, म्हणून पायाकडचा भाग मागावा आणि वेळ वाढवून द्यावा.

एक गोष्ट पहिल्यांदा करणाऱ्याला चमत्कारिक वाटते: स्लो कुकरमध्ये मांसाच्या आधी गाजर शिजेल असं नाही. कंद तळाशी, गरम बाजूला, लहान कापून ठेवावे लागतात. आंबट रश्श्यात ते आणखी हट्ट करतात. ही कटकट फक्त ब्रिटिश स्ट्यूची, शिवाय डंपलिंगसाठी शेवटचा पाऊण तास हायवर न्यावं लागतं आणि झाकण उघडून डोकावायचं नाही. कार्बोनादमध्ये ब्रेड सुरुवातीलाच ठेवला तरी चालतो. आठ तास लोवर झाले की एकदा ढवळायचं. माझं मत विचाराल तर या यंत्राला कार्बोनादच जास्त मानवते. मैद्याने दाट केलेला स्ट्यू कुकरमध्ये बऱ्याचदा पातळच राहतो, ब्रेडचा रस्सा मात्र अंगाबरोबर येतो.

बटाटा कार्बोनादच्या भांड्यात नसला तरी ताटात असतोच, जाड फ्राइजच्या रूपात आणि मेयोनेजसोबत. बेल्जियमच्या फ्राइजच्या टपऱ्यांवर तर मांस न घेता नुसता हा रस्साही फ्राइजवर ओतून मिळतो. ब्रिटिश स्ट्यू उरला तर दुसऱ्या दिवशी पेस्ट्रीचं झाकण घालून, भाजून त्याचा ‘पाय’ (pie) करतात. त्यासाठी आधी रस्सा उघड्या पातेल्यात आटवून घ्या, नाहीतर पेस्ट्री खालून ओली राहते.